बाळाचं नाव दाखल्यात लगेच घालावं की नंतर?

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हे बहुतेकांना माहीत असतं. तेवढ्यात नावही ठरलंच पाहिजे असा समज मात्र चुकीचा आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार बाळाची नोंद नावाशिवायही होते आणि नाव मागाहून भरता येतं. मग कोणतं बरं?

नावासकट नोंद केली की एकाच फेरीत काम उरकतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा कामांत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे त्यावर नाव असलेलं केव्हाही सोयीचं. बाळाला घेऊन लवकरच परदेशी जायचं असेल तर प्रश्नच नाही, नाव लगेच घाला. बारसं बाराव्या दिवशी केलं तरी २१ दिवसांत बसतं. अडचण येते ती दवाखान्यात. बऱ्याच ठिकाणी डिस्चार्जच्या गडबडीतच माहितीचा फॉर्म पुढे येतो. आई थकलेली, आजी-आत्यांचं अजून एकमत नाही, आणि कुणीतरी घाईघाईने एक नाव लिहून मोकळं होतं.

नावाचा रकाना कोरा ठेवला तर नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंतही येतं, पण विलंब शुल्क भरून. यातली मुख्य गैरसोय आपल्याकडे फारशी कुणी आधी सांगत नाही. नोंद जन्म जिथे झाला तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर नाव घालायला त्याच गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं लागतं. सासर दूरच्या शहरात असेल तर हा हेलपाटा वर्षभर पुढे ढकलला जातो आणि शाळेचा फॉर्म हातात आल्यावर सगळ्यांची धावपळ होते.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: मनात जराही चलबिचल असेल तर रकाना कोराच ठेवा. कोरा रकाना भरणं सोपं असतं, भरलेला बदलणं नाही. कलम १५ ची तरतूद चुकीच्या नोंदींसाठी आहे, आईबाबांचा विचार बदलला म्हणून नाही. चूक सिद्ध झाली तरी मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते.

आणि चलबिचल फक्त नावाची नसते, स्पेलिंगचीही असते. 'ज्ञानदा' ठरलं, पण इंग्रजीत सुरुवात डी-एन ने की जी-वाय ने? 'ईशान'ला एक ई की दोन? 'ऋचा'चा शेवट एका ए ने की दोन? हे दोघांनी कागदावर लिहून, आडनावासकट मोठ्याने वाचून ठरवा. नक्षत्राचं अक्षर हवंच असा घरातल्यांचा आग्रह असेल तर ते नाव पाळण्यात ठेवा. दाखल्यात तेच घालण्याची सक्ती नाही.

कोरा रकाना निवडलात तर निदान माहेरून निघण्यापूर्वी नाव घालून या. बाळंतीण तिथे दोन-तीन महिने असतेच, तेवढा वेळ पुरतो. छापील दाखला हाती देण्याआधी कच्चा मसुदा दाखवायला सांगा आणि बाळाच्या नावाबरोबर आईच्या नावाचं स्पेलिंगही तिच्या आधारशी ताडून घ्या. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या कागदपत्रांत बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे, त्यामुळे आईच्या नावातली चूक आता मुलाच्या नावातही उतरते.