सांडपाणी आपलं आपण की सगळ्यांचं मिळून? नाशिकभोवतीच्या गावांसाठी एक तुलना

सिंहस्थाचा निधी येणार म्हटलं की नाशिकच्या वेशीवरच्या गावांत ‘आपलाही एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) हवा’ ही भाषा सुरू होते. भगूर असो, शिंदे-पळसे असो, एकलहरे की ओझर, मागणी चुकीची नाही. पण ठरावावर सही करण्याआधी सरपंच, नगरसेवक, सदस्यांनी वेगवेगळे पर्याय शेजारी मांडून पाहावेत. स्वतःचा छोटा प्रकल्प, महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्राला जोडणी, किंवा एकाच नदीकाठच्या चार-पाच संस्थांची मिळून व्यवस्था. लहान गावांसाठी चौथाही एक आहे, त्याकडे सहसा कुणी बघत नाही.

स्वतःचा प्रकल्प

यात मान आहे, ताबा आहे आणि उद्घाटनाची कोनशिला आहे. पैशाचं काय ते बघू. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपये धरले आहेत. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. आठ हजार वस्तीचं गाव धरलं तर ५२ लाख ८० हजार होतात. एवढ्यात शोषखड्डे, नाल्याच्या तोंडाशी स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून आपोआप निवळू देणारं) बसतं. भुयारी गटार, पंपिंग आणि यांत्रिक एसटीपी बसत नाही.

दुसरी अडचण पाण्याचीच. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर पाणी येतं, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. आठ हजार लोकांचं झालं दिवसाला साडेतीन लाख लिटर. भुयारी गटारात घाण बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो आणि म्हणूनच अशा योजनांसाठी माणशी १३५ लिटर पुरवठा गृहीत धरतात. ५५ लिटरवर पाइप टाकले तर चेंबर उपसण्यातच वर्ष जाईल.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण चालवण्याची. केंद्र नीट चाललंय का हे पाहायची एक साधी चाचणी आहे. एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात एअरेशन टाकीतलं, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा पुरवतात त्या टाकीतलं, पाणी भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. मातकट तपकिरी गाळ तळाशी बसला, वर निवळ पाणी राहिलं, तर जिवाणू जिवंत आहेत. पाणी काळपट दिसलं, कुजक्या अंड्याचा वास आला, तर हवा पुरत नाही, बहुतेक हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला होता असं समजा. ही चाचणी रोज करणारा माणूस हवा. छोट्या ग्रामपंचायतीत तोच माणूस नळाचं पाणी सोडतो, तोच पथदिवे बघतो. आणि पथदिव्यांचं वीजबिल थकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ब्लोअरचं बिल कोण भरणार? बांधायला अनुदान मिळतं, बिल दर महिन्याला स्वतःच्या तिजोरीतून जातं.

महापालिकेला जोडणी

नाशिक महापालिकेची केंद्रं मोठी आहेत: तपोवन १३० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), आगर टाकळी ११०, पंचक ६०.५, चेहेडी ४२, गंगापूर १८. तज्ज्ञ माणसं, प्रयोगशाळा, ठेकेदार, सगळं तिथे आधीच आहे. दर लिटरमागचा खर्च छोट्या प्रकल्पापेक्षा कमीच पडणार.

पण क्षमतेचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. जुनी केंद्रं बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती, याचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणण्यासाठी बांधलेली. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९च्या आदेशाने अपेक्षा १० वर आली. अद्ययावतीकरण पूर्ण होईपर्यंत कागदावरची क्षमता मोकळी समजू नये. शिवाय शहर स्वतः वाढतंय, त्यामुळे ‘जागा शिल्लक आहे’ हे तोंडी आश्वासन काही उपयोगाचं नाही. तुमच्या वाट्याचे इतके एमएलडी, इतकी वर्षं, असं लेखी हवं.

उतारही बघावा लागतो. भगूर-देवळालीकडून चेहेडीकडे दारणेचा उतार साथ देतो. एकलहरे मात्र पंचकच्या खालच्या अंगाला, तिथलं मलजल उलटं चढवावं लागेल. ओझरचं पाणी बाणगंगेला जातं; ते तपोवनात आणायचं म्हणजे पंपाचं बिल आयुष्यभराचं.

राहिली हद्दवाढीची भीती. ती निराधार नाही. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करूनच ही महापालिका झाली. पण मलजल प्रक्रियेचा करार म्हणजे विलीनीकरण नव्हे. करारात ते एका ओळीत नोंदवा, म्हणजे ग्रामसभेतला अर्धा वाद मिटेल.

नदीप्रमाणे गट

मला हा पर्याय सगळ्यात पटतो, आणि सगळ्यात अवघडही वाटतो. दारणा-वालदेवीचा पट्टा घ्या. भगूर नगरपरिषदेची फाइल नगरविकासकडे, शिंदे-पळशाची जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे, देवळाली कॅन्टोन्मेंटची थेट संरक्षण खात्याकडे. तिघांचे निधी वेगळे, वर्षं वेगळी, मंजुरीचे साहेब वेगळे. नाले मात्र एकाच नदीच्या खोऱ्यात उतरतात. चेहेडी बंधारा हा नाशिकरोडच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत. तिथे मलजल मिसळल्याने पाणी उचलणं थांबवायची वेळ महापालिकेवर आलेली आहे. म्हणजे वरच्या गावांचं सांडपाणी शुद्ध होण्यात महापालिकेचा रोकडा फायदा आहे.

गावांनी हात पसरून जायचं कारण नाही, हे यातून कळावं. वरच्या अंगाला असणं ही वाटाघाटीतली ताकद आहे. त्र्यंबकचंही तेच, तिथली गोदावरी गंगापूर धरणात येते आणि नाशिक तेच पाणी पितं. त्र्यंबकच्या केंद्राच्या देखभालीत नाशिकने वाटा उचलला तर तो उपकार नाही, स्वतःच्याच फिल्टर प्लांटवरचा खर्च वाचवणं आहे. खालच्या अंगाची ओढा, चांदोरी, सायखेडा ही गावं मात्र आजवर फक्त पाणवेली काढत आली आहेत. त्यापुढे नांदूरमधमेश्वर, २०२०मध्ये जाहीर झालेलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यांनाही बैठकीला खुर्ची हवी, खर्चाचा वाटा न मागता.

अशा गटाला कायदेशीर घर हवं. २०१६च्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरण कायद्याखालचं एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) त्यासाठी योग्य दिसतं. शहराबाहेरच्या बांधकाम परवानग्या आणि विकास शुल्क तिथे जातं, नव्या सोसायट्यांची गटारं मात्र ग्रामपंचायतीच्या नाल्याला लागतात. शुल्क घेणाऱ्याने नाल्याचीही जबाबदारी घ्यावी, एवढं मागायला काय हरकत आहे?

लहान गावांसाठी

सेप्टिक टँक असलेल्या विरळ वस्तीने गटार योजनेच्या नादी लागू नये. सिन्नर नगरपरिषदेने टँक भरून वाहायची वाट न बघता वेळापत्रकाने उपसायची पद्धत आणली आणि मैलागाळासाठी प्रक्रिया केंद्र उभारलं. पाच-सात गावांनी मिळून एक सक्शन टँकर आणि जवळच्या शहराच्या केंद्रात गाळ टाकायचा करार केला तर गिरणाऱ्यासारख्या भागात काम भागेल. आज बोलावलेला टँकर रात्री कुठल्या ओढ्यात रिकामा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

मग कुणी काय करावं

दारणा-वालदेवीकाठच्यांनी गट करून चेहेडीकडे जावं. ओझरने बाणगंगेच्या खोऱ्यातच स्वतःचं केंद्र बघावं. नगरपरिषद असल्याने लाखाच्या आतल्या शहरांसाठीचा स्वच्छ भारत नागरी २.०चा मार्ग त्यांना आहे. एकलहऱ्याने दोन्ही खर्च काढून मग ठरवावं. छोट्या गावांनी टँकर.

गटात जाणाऱ्यांनी करारात काही गोष्टी सोडू नयेत. कारखान्याचं रसायन गटारात आलं तर दंड ज्या हद्दीतून आलं त्या संस्थेला, कारण प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देण्याच्या) रसायनाच्या एका टँकरने सगळ्यांचे जिवाणू मरतात. थकबाकी झाली तर ती शासकीय अनुदानातून परस्पर वळती करायची मुभा. मतदान लोकसंख्येवर ठेवलं तर महापालिकाच एकटी जिंकेल. दर ठरवताना प्रत्येक संस्थेला एक मत असावं.

आणि मीटर. पैसे प्रवाहावर द्यायचे असतील तर जोडणीच्या तोंडाशी फ्लोमीटर लागतोच, पण नाशिकच्या पावसाळ्यात छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी चेंबरमधून मलवाहिनीत घुसतं. मीटर ते पाणीही मोजतो आणि बिल गावाला येतं. त्यामुळे डीपीआरआधी (सविस्तर प्रकल्प अहवालाआधी) मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टच्या भर पावसात एकदा, सलग आठवडाभर नाल्यांचा प्रवाह मोजून घ्या, आणि बिल त्या मे महिन्याच्या आकड्यावर बांधून घ्या.