बोलोन्या की जेनोआ? जुन्या शहरासाठी दोनच दिवस असतील तर

इटलीत मिलानला उतरलात, दोन दिवस हाताशी आहेत आणि जुनं शहर पायी बघायचंय. वेगवान गाडीने बोलोन्या तासाभरावर. जेनोआला दीड-पावणेदोन तास धरा.

बरोबर गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर बोलोन्या. जुना भाग बहुतेक सपाट आणि रस्त्यांच्या कडेने कमानींवर छत असलेले ओटे. शहरभरात मिळून ते सुमारे 62 किलोमीटर भरतात. ऊन असो की पाऊस, छत्री बॅगेतच राहते. विद्यापीठामुळे वस्ती वाढली तशा लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या, खाली खांब दिले. पुढे 1288 मध्ये शहराने त्याचा कायदाच केला: जागा घरमालकाची, वाट सगळ्यांची. स्त्रादा माज्जोरेवर कासा इझोलानीचे उंच लाकडी खांब अजून उभे आहेत. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये मात्र भर दुपारी जा. छताच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये जमिनीवर आखलेली रेघ ओलांडतो. आम्ही गेलो तेव्हा ढग आले, ते सोडा. प्रसिद्ध आसिनेल्ली मनोऱ्यावर चढायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. शेजारचा गारिसेंदा मनोरा जास्तच कलतोय म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात तिथलं चढणं बंद केलं होतं.

जेनोआ असं हात धरून नेत नाही. तिथल्या बोळांना ‘कारुजी’ म्हणतात. दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतील असेही काही आहेत. वर पाच-सहा मजले, त्यामुळे भर दुपारीही खाली सावली. मोबाइलचा नकाशा इथे गोंधळतो. आम्ही एकाच देवळीतल्या मेरीला तीनदा भेटलो. बंदराकडच्या काही बोळांत रात्री उगाच फिरू नये. पण तोच बोळ संपतो आणि समोर गारिबाल्दी रस्त्यावरचे महाल. सरकारी पाहुण्यांना उतरवून घ्यायला लायक घरांची 1576 मध्ये यादी झाली होती; त्यांतले 42 आज जागतिक वारशात आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवलाय. फेब्रुवारी 1941 मध्ये ब्रिटिश नौदलाचा हा गोळा भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही.

आता पोटाचं. बोलोन्या म्हणजे मांसाचं राज्य. शाकाहारी असाल तर भरलेल्या पास्त्याच्या नावातल्या एका अक्षराकडे नीट बघा: ‘तोर्तेलिनी’त मांस असतं, ‘तोर्तेलोनी’त बहुधा रिकोत्ता चीज. जेनोआत हा ताण कमी. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात, ती फारिनाता. चव थेट आपल्या बेसनाच्या पोळ्याची, फक्त हळद-मिरची नाही. माझ्याकडे तिखटाची पुडी होती, म्हणून दोनदा घेतली. पेस्तोत, म्हणजे तिथल्या बेसिलच्या हिरव्या चटणीत, मात्र चीज असतं, आणि त्यातलं पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने (जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या रसाने) बनतं; कडक शाकाहाऱ्यांनी तेवढं विचारावं.

मला विचाराल तर, पायात दम असेल तर जेनोआच. मुक्काम प्रिन्चिपे स्टेशनाजवळ करा, चाकांची बॅग बोळात ओढू नका. आणि संध्याकाळी पोर्तेल्लो चौकातल्या बोगद्यातून कास्तेलेत्तोची लिफ्ट पकडा. वर पोहोचलात की राखाडी छपरांचा तो गुंता पायाखाली असतो, मागे बंदर, आणि सकाळी आपण नेमकं कुठे चुकलो यावर घरच्यांत पुन्हा वाद सुरू होतो.