नाईटसाठी मोडाफिनिल की आर्मोडाफिनिल?

नाशिकच्या अंबडला थर्ड शिफ्ट करणारे बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. दोन्ही गोळ्या मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतल्यात, आधी आर्मो १५० आणि मग मोडा २००, दोन्ही शिफ्टच्या तासभर आधी.

जागं ठेवायचं काम दोन्ही करतात. पहाटे चारच्या सुमाराला मशीनवर जी डुलकी येते ती आर्मोवर यायचीच नाही, मोडावर थोडी मरगळ येते पण चहा घेतला की जाते. आर्मो नवीन आहे म्हणून भारी असं काही समजू नका, अमेरिकेत मोडाला १९९८ ला मंजुरी मिळाली आणि हिला २००७ ला, एवढंच.

माझा खरा त्रास सकाळचा. सातला सुटायचं, द्वारकेची गर्दी पार करून पंचवटीत घरी यायचं, पडदे ओढून आडवं व्हायचं आणि आर्मोवर डोकं चालूच, अंग गळालेलं पण झोप नाही, जरा डोळा लागतोय तोवर शेजारच्या कुकरची शिट्टी, असं करत दुपार व्हायची. मग संध्याकाळी पोरांवर उगाच चिडचिड. राहिलेली झोप गोळीने भरून निघत नाही हो, ती फक्त जाणवत नाही.

डॉक्टरांनी कारण सांगितलं. मोडात एकाच रेणूची दोन रूपं असतात, एकाचं प्रमाण चारेक तासांत निम्म्यावर येतं, दुसऱ्याला पंधराएक तास लागतात. आर्मोत फक्त ते दुसरंच, त्यामुळे तिचा जोर उशिरापर्यंत टिकतो.

माझ्या मावसभावाचं मात्र उलटं आहे. त्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकतो, रात्री सीपॅप (मास्कमधून हवा देणारं मशीन) लावून झोपतो, सातपूरला दिवसाची ड्युटी. मोडाने त्याचं डोकं धरायचं, सकाळी आर्मो घेतली तर संध्याकाळपर्यंत पेंगत नाही, त्याला तीच बरी. भूक दोघांचीही कमी झाली, शिफ्ट सुटल्यावर मिसळ पुढ्यात येते आणि अर्धी सोडून उठावं लागतं, नाशिकच्या माणसाला हे फार लागतं.

ज्याची त्याची तब्येत वेगळी, पण नाईट करून सकाळी झोपायचं असेल तर डॉक्टरांकडे आधी मोडाचा विषय काढा असं मला वाटतं, मी तीच चालू ठेवलीय. कुठलीही घेतली आणि अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि बायकांपैकी कुणाच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा, दोन्हींमुळे त्यांचा असर कमी होतो, अगदी ही गोळी बंद केल्यावरही महिनाभर.