जुन्या शेवरोले पिकअपमध्ये डिझेलच ठेवावं की पेट्रोल बसवावं?

१९८२ च्या मॉडेलपासून आलेलं ६.२ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन संथ, पण इंधन बेताचं पितं. थंडीत मात्र ग्लो प्लगचे (गार इंजिन सुरू व्हावं म्हणून ते आतून तापवणाऱ्या प्लगचे) नखरे सोसायचे आणि दोन बॅटऱ्या पोसायच्या.

५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८ हलकं नि चपळ. अमेरिकेत त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांची ठेवण दोन्हींची सारखीच, म्हणून मोह होतो. खरी कटकट नंतरची: टाकी-नळ्या धुवा, फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) बदला, इंधनपंप बदला, स्पार्कची वायरिंग ओढा. डिझेलला थ्रॉटल (आत येणारी हवा अडवणारी झडप) नसल्याने निर्वात आपोआप तयार होत नाही; त्यासाठी लागणारा व्हॅक्युम पंप तेवढा सुटतो!

इंजिन धड असेल तर मी डिझेलला हात लावणार नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर पेट्रोल.