दिवसा झोपणाऱ्यांसाठी ब्लॅकआऊट पडदे: गांधीबागेतलं कापड, मानेवाड्यातली खिडकी

नागपूरजवळच्या बुटीबोरीत सी शिफ्ट म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या माणसाने जिमची फी भरायच्या आधी झोपायच्या खोलीला चांगले ब्लॅकआऊट पडदे लावावेत, असं माझं ठाम मत आहे. आमची नाईट रात्री अकरा ते सकाळी सात. बस मानेवाडा चौकात सोडते तोवर आठ वाजून जातात आणि माझी खिडकी नेमकी पूर्वेची. डोळे मिटले तरी पापणीतून उजेड आत जातोच. मेंदू समजतो दिवस उजाडला आणि झोपेसाठी लागणारं मेलाटोनिन आवरतं घेतो. मग चार तास डोळा लागला तरी पुष्कळ. उठल्यावर सारखं गोड खावंसं वाटतं, चहावर चहा होतो, संध्याकाळी चालायला जायची ताकद राहत नाही. वजन आणि बीपी वाढायला इथून सुरुवात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. पोटासाठी नाईट करावीच लागते, पण झोप तरी आपल्याला सांभाळता येते.

आता कापडाचं. मी स्वतः कापड विणायच्या लूमवर काम करतो, म्हणून यात जरा खोलात जातो. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारात ब्लॅकआऊट मागितलं की तीन प्रकारची कापडं पुढे येतात. पहिलं नुसतं जाड, उजेड मंद करणारं. ते आपल्या कामाचं नाही. दुसऱ्यात विणतानाच मधल्या थरात काळं सूत घातलेलं असतं, हाताला मऊ लागतं, पडतंही छान. तिसऱ्याला मागून कोटिंग मारलेलं असतं, ते थोडं रबरासारखं लागतं. दुकानदार म्हणाला, “भाऊ, दिवसा रात्र होऊन जाईल पहा.” मी दोन पदरी घडी उघडून एकेरी कापडामागे मोबाईलचा टॉर्च टेकवला. विणलेल्या कापडातून बारीक ठिपके दिसले, कोटिंगच्या कापडातून काहीच नाही. खिडकीला कोटिंगचं घेतलं, दाराला विणलेलं. तुम्हीही टॉर्च लावूनच घ्या, तेही ताग्यावर. नमुन्याच्या चिंधीवर जाऊ नका.

कोटिंगच्या कापडाची एक खोड मात्र दुकानात कळत नाही. त्यात सुई गेली की भोक बुजत नाही. टेलरने खालची दुमड दोन शिलाया मारून पक्की केली, आणि पहिल्याच सकाळी तिथे उजेडाच्या ठिपक्यांची सरळ ओळ चमकायला लागली. आईने मागून गडद सुती पट्टी डकवली, तेव्हा अंधार झाला. नव्या कापडाला वासही येतो. दोन दिवस गच्चीवर सावलीत टांगून ठेवलं की जातो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ अंश पाहिलेलं हे शहर, इथे कूलरशिवाय दिवसा झोपणं शक्यच नाही. पण कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. खिडकी, दार, पडदा सगळं बंद केलं तर खोलीत दमट होतं, अंग चिकचिकतं आणि झोप उडते. पडद्याची जाहिरात करणारं कोणी हे सांगत नाही, कारण ते एसीच्या खोलीचा विचार करतात. आमच्याकडे कूलर एका खिडकीत आहे, त्याच्या बाजूच्या फटी प्लायवूडने बंद केल्या. वाळ्याच्या ताटीतून येतो तेवढा उजेड चालतो. आतलं दार वीतभर उघडं ठेवून त्यावर विणलेला पडदा सोडला. तो हलका आहे, हवेने फुगतो आणि खालून वारा निघून जातो. दारालाही कोटिंगचंच घेतलं असतं तर हे जमलं नसतं.

फरक सांगायचा तर आता दुपारी अडीच-तीनपर्यंत सलग झोप लागते. उठल्या उठल्या पडदा पूर्ण सरकवतो, कारण जागं होताना शरीराला तोच उजेड हवा असतो. संध्याकाळी रिंग रोडच्या आतल्या गल्ल्यांतून दमदार चालणं होतं. भंगारवाल्याचा भोंगा आणि भाजीवाल्याचं रेकॉर्डिंग मात्र हे कापड अजिबात अडवत नाही, त्यासाठी कानात बोळे घालावे लागतात. आणि पडदा कितीही चांगला असो, पहाटे पाचला कडक चहा घेतला तर नऊला झोप येणार नाही. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. माझा शेवटचा चहा रात्री अडीचला होतो. सकाळी उतरल्यावर तर्री-पोहेही सुट्टीच्या दिवशीच.

मला कोटिंगचं कापड २८० रुपये मीटर पडलं, शिलाई वेगळी. शिवायला टाकताना माप खिडकीचं देऊ नका, भिंतीचं द्या. दोन्ही बाजूंना अर्धा फूट आणि वर अर्धा फूट जास्त धरा. वरच्या रिंगा नकोत, त्यांच्यामधून उजेड उतरतो. चुण्या घालून रेलवर लावायला सांगा. भिंतीकडची कड वेलक्रोने चिकटवून टाका. कोटिंगची बाजू काचेकडे ठेवा, मशीनमध्ये पिळू नका, आणि त्या बाजूवर इस्त्री कधीही फिरवू नका.