नव्या मॅनेजरांचं ट्रेनिंग: सकाळ वसूल, दुपार फुकट

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत डिझाइन टीम सांभाळायला घेतली, तशी एचआरनं ही कार्यशाळा गळ्यात मारली. दोन शनिवार, जालना रोडवरच्या हॉटेलात. शेंद्रा, चिकलठाण्याचे इंजिनिअर होते, जालन्याचे स्टीलवालेही.

ट्रेनर टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या विभागात, मुरलेला. आल्या आल्या गणित घातलं: सहा जणांच्या टीममध्ये जोड्या किती? पंधरा. बारा जणांत? सहासष्ट. माणसं दुप्पट, निरोप चुकायच्या जागा चौपटीहून जास्त. स्लाइड एकही नाही.

मग फीडबॅक. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ची पद्धत: प्रसंग सांगा, समोरच्यानं काय केलं ते सांगा, परिणाम सांगा, स्वभावावर जाऊ नका. ऐकायला सोपं. पण सरावाला माझ्यासमोर पन्नाशीचे गृहस्थ बसवले. ‘तुम्ही बेफिकीर आहात’ म्हणायची सोय नाही. म्हटलं, “काका, मंगळवारी ड्रॉइंगची नवी, बी रिव्हिजन निघाली. टूलरूमला मेल गेला नाही. त्यांनी जुन्यावरच साच्याचा इन्सर्ट कापला. स्टील गेलं, वायरकट मशीनचे तासही गेले.” पुढं समजुतीचं काही जोडणार, तेवढ्यात ट्रेनर म्हणाले, “आता गप.” ती शांतता लई जड जाते हो! शेवटी काकाच बोलले, “मेल कुणी टाकायचा हेच ठरलेलं नव्हतं, सर.” नाटकातलंच वाक्य, पण हॉलमधले निम्मे लोक हसले. सगळ्यांच्या कंपनीत तेच.

जेवणात ज्वारीची भाकरी, ठेचा. त्यावर दुपारी ‘तुमचा स्वभाव लाल की निळा’ हे सत्र. मी निळा निघालो. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. मागच्या रांगा डुलक्या घेत होत्या. हातात दिलेली वही अख्खी इंग्रजीत, सराव मात्र मराठीत. म्हणजे खरं कामाचं ते वहीत नाहीच, स्वतः लिहून घ्या.

दुसऱ्या शनिवारी वन-ऑन-वन. टीममधल्या एकेकाशी दर आठवड्याला अर्धा तास, विषय समोरच्यानं काढायचा, कामाचा स्टेटस विचारायचा नाही. त्याला सकाळची मीटिंग आहे. आमच्याकडं सुरू केलं. पहिल्यांदा पोरं स्टेटसच सांगतात, सवय जात नाही. पण एकानं स्वतःहून सांगितलं की कस्टमरच्या कॉलवर इंग्रजीत अडखळतो म्हणून तो गप्प बसतो. मीटिंगमध्ये हे कधीच निघालं नसतं.

डिझाइन, क्वालिटी, सॉफ्टवेअरवाल्यांनी जरूर जावं. प्रॉडक्शनमधल्या एकानं विचारलं, “तिसऱ्या शिफ्टवाल्याला वन-ऑन-वनला गाठायचं कधी?” उत्तर गोल गोल आलं. शिफ्ट सांभाळणाऱ्यांनी फी भरायच्या आधी एवढं विचारून घ्यावं.