एअरब्रश-कॉम्प्रेसरचा सेट, एक पावसाळा आणि चार पायांचा सेंच्युरियन

सेट घेतल्यापासून अख्खा पावसाळा गेला, थंडीपण निम्मी सरली, म्हणून आता लिहितोय. बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारे लई आहेत, पण हवेवर चालणारं मशीन कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये कसं वागतंय हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काय सांगायचं? सेट म्हणजे १/६ एचपीचा बिनतेलाचा पिस्टन कॉम्प्रेसर, खाली ३ लिटरची टाकी, दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरला लागूनच हवेतलं पाणी अडवणारा छोटा मॉइश्चर ट्रॅप, आणि ०.३ मिमी नोझलचा, वर कप असलेला डबल अॅक्शन एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं हत्यार, ट्रिगर दाबला की हवा, मागं ओढला की रंग. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच मशीन वेगवेगळे स्टिकर लावून विकलं जातंय, फोटो बघितला की ओळखाल.

आधी मी याच्यावर काय करतो ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी खऱ्या युद्धातल्या रणगाड्यांची १/३५ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, प्लास्टिक किटं घेतो आणि त्यातून विज्ञानकथेतली वाहनं बनवतो. कुणाला पाय लावतो, कुणाला तरंगायला लावतो, आणि त्यासाठी किटच्या पार्ट्सबरोबर जुन्या प्रिंटरचे गिअर, सिरिंज, पेनच्या रिफिली, डब्यांची झाकणं असलं सगळं चालतंय. याला किटबॅशिंग म्हणतात आणि हे काय आजचं नव्हे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ची यानं ज्यांनी बनवली त्यांनी दुकानातून रणगाड्यांची, विमानांची किटं आणून त्यांचे पार्ट अंगभर चिकटवले होते. जपानमध्ये कोउ योकोयामा यांनी १९८२ पासून 'हॉबी जपान' मासिकात जी मशीनं दाखवली, पुढं माशिनेन क्रीगर नावानं ओळखली जाणारी, त्यांच्यात तर दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लोखंड आणि अंतराळातला सूट इतके एकजीव झालेत की जोड कुठं आहे ते सापडत नाही. मला तेच पाहिजे असतंय.

आणि इथंच एअरब्रशचं काम येतंय. ब्रशनं रंगवलं तर आठ जागचे पार्ट आठ जागचेच दिसतात. खालचा पार्ट राखाडी, वरचा पांढरा, झाकण निळं, तोफ पितळेची, डोळा प्रत्येकाला वेगळा पकडतो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ एकसारखा थर बसला की दोन मिनिटांत ते सगळं एका कारखान्यातनं बाहेर पडल्यासारखं होतंय. माझ्यासाठी या छंदातला सगळ्यात भारी क्षण तो, अंतिम रंगापेक्षाही. स्प्रे कॅननं पण प्रायमर मारता येतो, मी बरीच वर्षं तेच केलं, पण कॅनचा थर जाड बसतो, रिव्हेट आणि पॅनेलच्या रेघा भरून येतात, आणि स्केल पटवून देण्याचं सगळं काम त्या बारीक रिव्हेटच करत असतात.

पण एक गोष्ट ठासून सांगतो, मशीन कितीही चांगलं असू द्या, गाडीचा हिशोब चुकला असेल तर रंग तिला वाचवत नाही. उदाहरण माझ्याच टेबलावरचं देतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला, पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई झाली. आपल्या थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे, डेक्कन हॉर्सचे शर्मन उभ्या उसात दबा धरून बसलेले, शेतात पाणी सोडलेलं, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येऊन चिखलात रुतले. ऊस म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाचं डोकं चालणारच की! मी म्हटलं आपल्या सेंच्युरियनला पट्ट्यांच्या जागी चार पाय असते आणि तो असल्या उसातनं चालत आला असता तर? झालं, किट उघडलं.

आता पाय म्हटलं की बरेचजण बारीक टोकदार पाय लावतात, दिसायला झकास, पण सेंच्युरियन जवळजवळ ५१ टनांचा. रणगाड्याच्या पट्ट्या रुंद असतात त्या एवढ्यासाठीच की वजन पसरावं, साधारण दर चौरस सेंमीला १ किलोच्या आसपास दाब राहतो. चार पायांचं मशीन चालताना एक पाय उचलणार, म्हणजे तीन पायांवर ५१ टन, म्हणजे एका पावलाला १७००० चौरस सेंमी जागा पाहिजे, गोल पाऊल धरलं तर व्यास जवळजवळ १४७ सेंमी, १/३५ मध्ये ४२ मिमी. आणि हे झालं साध्या जमिनीवर, पाणी सोडलेल्या शेतात त्यापेक्षा मोठं पाहिजे, म्हणून मी ५० मिमीची झाकणं घेतली, त्यानं दाब ०.७ पर्यंत खाली येतो. बघणाऱ्याला हा हिशोब माहीत नसतो, पण त्याच्या डोळ्याला बरोबर कळतंय की ही गाडी उभी राहील का बुडेल. रशियात १९१५ मध्ये झार टँक म्हणून खरोखर बनवला होता, पुढची चाकं ९ मीटर उंच, आणि चाचणीत मागचं छोटं चाक मऊ जमिनीत रुतलं आणि विषय संपला. टी-६० रणगाड्याला पंख लावून १९४२ मध्ये उडवूनही बघितलंय, अँटोनोव्ह ए-४० म्हणतात त्याला. खऱ्या युद्धातच एवढं अचाट झालंय, त्यामुळं आपली कल्पना कितीही लांब गेली तरी तिचं एक पाऊल खऱ्या लोखंडावर पाहिजे.

तोफेसाठी पण तसंच. सेंच्युरियनवर नंतरच्या काळात आलेली एल-७ तोफ १०५ मिमीची, भागिले ३५ म्हणजे बरोबर ३ मिमी भोक. नळीची लांबी कॅलिबरच्या, म्हणजे भोकाच्या व्यासाच्या, ५२ पट, म्हणजे मॉडेलमध्ये १५६ मिमी, त्यातली थोडी बुरुजाच्या आत जाते. किटमधली तोफ दोन अर्ध्या भागांची असते, जोडाची रेघ घासून घासून ती गोल राहत नाही. उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडं गेलो, नळीच्या मधे असलेला, धूर ओढून घेणारा फुगवटा धरून कागदावर माप काढून दिलं. "एवढंच? हे कशाचं हाय रे?" म्हणाले, आणि पितळी सळईतनं असा टर्निंग करून दिला की बोट फिरवलं तर कुठं पायरी लागत नाही. ज्या गावात असं काम चहा प्यायच्या वेळात होतंय तिथं परदेशातनं मेटल बॅरल मागवायची गरज नाही. बारीक कानशी, चिमटे, फ्रेट सॉची पाती हे सगळं गुजरीच्या आसपास सराफी हत्यारांच्या दुकानात मिळतंय, आणि हॉबीच्या नावानं विकतात त्यापेक्षा चांगलं मिळतंय.

झाकणं आणि सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्यांना किटचा सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, धरतच नाही. सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो आणि इथं विरघळायला काहीच नसतंय. मी आतनं बारीक स्क्रू मारतो, फटी एम-सीलनं भरतो, आणि वरनं गाड्यांच्या बंपरला मारतात तो प्लास्टिक प्रायमर पातळ करून एअरब्रशनंच मारतो. नंतर ग्रे प्रायमर. टेप लावून ओढून बघितलं, रंग सुटत नाही.

आता मशीन. टाकीतला दाब ३ बारला आला की आपोआप चालू होतंय, ४ बारला बंद, टाकी असल्यामुळं हवा धडधडत येत नाही. टाकी नसलेला स्वस्तातला कॉम्प्रेसर एका मित्राकडं वापरला होता, बारीक रेघेत प्रत्येक धक्का दिसतो, त्यामुळं टाकीशिवाय घेऊच नका. मी रेग्युलेटर १५ ते २० पीएसआयला, म्हणजे साधारण १ ते १.४ बारला ठेवतो, प्रायमरला जरा जास्त. रंग दुधासारखा पातळ पाहिजे. आवाज बेताचा, शेजारच्या खोलीत आई सिरियल बघत असते, तिची कधी तक्रार आली नाही.

जूनपर्यंत मी या सेटवर भलताच खूश होतो. मग पाऊस लागला आणि एअरब्रश मधेच पाण्याचे थेंब थुंकायला लागला. सेंच्युरियनच्या बुरुजावर ऑलिव्ह ग्रीन मारताना बरोबर हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या, बाजूला थेंब पडला, गोल डाग, सगळं घासून परत. ट्रॅप आहे ना मग पाणी कुठनं? बापट कॅम्पमध्ये एक मूर्तिकार काका आहेत, गणपतीच्या आधी त्यांचा मोठा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो, त्यांना विचारलं. काका म्हणाले, "पोरा, हवा मशीनमधनं गरम निघती, ट्रॅपमधनं तशीच जाती आणि पाइपात गार होऊन पाणी सोडती. ट्रॅप हाताजवळ घे, पाइप लांब घे, आणि काम झालं की टाकीखालचा कॉक सोडायचा, रोज." तंतोतंत तसं केलं, एअरब्रशच्या खालीच लागणारा दुसरा छोटा ट्रॅप लावला, पाइप तीन मीटरचा केला, थेंब बंद. कॉक सोडला की भर पावसात टाकीतनं चांगलं चमचाभर पाणी निघायचं. म्हणजे सेटमधला ट्रॅप कोरड्या हवेपुरताच आहे, आपल्याकडं घेणाऱ्यानं दुसऱ्या ट्रॅपचे पैसे किमतीत धरूनच चालावं.

पावसाळ्यातली दुसरी भानगड म्हणजे लॅकर, म्हणजे थिनरवरचे, रंग पांढुरके होणं. थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतंय. यात मशीनचा काही दोष नाही. रिटार्डरवाला, म्हणजे हळू उडणारा, थिनर वापरला, पातळ थर मारले आणि उघडीप असेल त्या दुपारी काम केलं की होतंय नीट. पाण्यावरचे अॅक्रिलिक पांढरे पडत नाहीत पण वाळायला वेळ खातात.

तक्रारी आहेत. पाइपच्या जोडाला पहिल्यापासून गळती होती, मशीन उगाच चालू-बंद व्हायचं, साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे दिसले. विकणाऱ्याला कळवलं, दाद नाही. शेवटी टेफ्लॉन टेप गुंडाळली, तेव्हापासून ठीक. एअरब्रश सुरुवातीला फार छान चालला, पण लॅकर थिनरनं आतली रबरी ओ-रिंग फुगली आणि ट्रिगर जड झाला. टेफ्लॉनच्या रिंग वेगळ्या मिळतात, त्या घातल्यावर परत मऊ झाला, हे कारखान्यातनंच करून द्यायला पाहिजे होतं, किती रुपयांचा प्रश्न असतोय? कपाच्या आतलं क्रोमही जागोजागी उडालंय. कॉम्प्रेसर मात्र दणकट, एकदाही अडला नाही.

शेवटच्या कामात, म्हणजे जुनेपणा आणण्यात, या सेटनं माझं मन जिंकलं. प्रायमरवर गंजाचा तपकिरी, त्याच्यावर हेअरस्प्रे, त्याच्यावर ऑलिव्ह ग्रीन, आणि मग ओल्या ब्रशनं हॅचच्या कडा, पायऱ्या, जिथं जवानाचा बूट आणि हात लागणार तिथंच घासायचं, वरचा रंग टवके होऊन निघतो. १/३५ चा माणूस ५ सेंमीचा, तो शेजारी उभा करून बघायचं की त्याचा हात कुठं पोचतो, टवके तिथंच. अनोळखी यंत्राच्या अंगावर ओळखीची झीज आली की ते यंत्र खरं वाटायला लागतंय. हे थर एवढे पातळ आणि समान बसले तरच टवके बारीक निघतात, ब्रशच्या थराचे पोपडे निघतात. पायांवरचा चिखल पंजाबचा पाहिजे, पिवळसर राखाडी, आपली काळी माती तिथं चुकीची दिसते, म्हणून चाळलेल्या मातीत खडूची पूड मिसळून तो रंग आणला, आणि पावलांपासून गुडघ्यापर्यंत उसाच्या पाल्यानं ओरखडे आल्यासारख्या उभ्या बारीक रेघा एअरब्रशनंच काढल्या.

घ्यायचा का? वर्षातनं एखादं किट करणार असाल तर नको, स्प्रे कॅन बरा. जोडकाम करणार असाल तर कॉम्प्रेसर हाच घ्या, पण जमलं तर एअरब्रश वेगळा, चांगल्या कंपनीचा घ्या, सोबत जादाची सुई, नोझल, टेफ्लॉन रिंग आणि दुसरा ट्रॅप एकाच ऑर्डरमध्ये मागवा. थिनरसारख्या रसायनांची वाफ अडवणारा कार्ट्रिज मास्क पण, कापडी मास्कनं थिनर अडत नाही. पितळी तोफ पाहिजे असेल तर माप मिमीमध्ये काढून उद्यमनगरात न्या, फक्त सोमवारी जाऊ नका, बरीच शटर बंद असतात.